टोपीखाली काही नव्हतं

आमच्या चिप कंपनीत त्याला सगळे टोपीवाला म्हणत. चिपवर धातूचं पातळ झाकण बसवायचं आणि त्यावर नाव कोरायचं, हे त्याचं काम. त्या झाकणाला तिथे टोपी म्हणतात. ‘टोपी चिपला घालतोस की गिऱ्हाइकाला?’ असं आम्ही जाहिरात खात्यातले त्याला चिडवायचो. तो हसायचा नाही. पन्नाशीला आलेला, संशयी माणूस. चहासुद्धा हुंगून प्यायचा. माझ्याशी मात्र बोलायचा.

एका सकाळी त्याने नव्या चिपचा नमुना माझ्या तळहातावर ठेवला.

‘हलका लागतो ना?’

टोपीखाली काही नव्हतंच. खरी चिप तयार व्हायला अजून वर्ष होतं. घोषणा गुरुवारी होती.

मी थक्क झालो. मग एवढी घाई कशाला? टोपी पुसत पुसत त्याने समजावलं. समोरच्या कंपनीची चिप पुढच्या महिन्यात बाजारात येणार होती. मोठी गिऱ्हाइकं एकदा यंत्रं घेतली की चार-पाच वर्षं पुन्हा फिरकत नाहीत. आपल्याकडे आत्ता विकायला काही नाही. पण ‘थांबा, याहून भारी येतेय’ एवढं म्हटलं तरी त्यांचा हात थांबतो.

घोषणा झाली. गिऱ्हाइकं थांबली. आणि त्याच्या ताईची झोप उडाली, कारण ती समोरच्याच कंपनीत चिपा तपासायची. दोन महिन्यांत तिथली मागणी घटली. तिच्या खात्यात राजीनाम्याचे कागद वाटले गेले. शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर पुढे रिकाम्या हाताने जाल, असं सांगितलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी शेजारीच होतो. तुमची चिप खरंच तयार आहे का, एवढंच ती विचारत होती. आतलं बाहेर बोलणार नाही, असं त्याने कंपनीला लिहून दिलेलं. त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला.

‘ताई, सही करू नकोस.’

तिने कारण विचारलं असावं.

‘मी सांगतोय म्हणून.’

फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डब्यात पाहिलं.

सोमवारी त्याला वर बोलावलं. तासाभराने तो परत आला आणि भिंग, चिमटे, चष्मा पिशवीत भरू लागला. फोनवरचं बोलणं कुणीतरी वर पोचवलं होतं.

‘खोलीत आपण दोघंच होतो,’ तो म्हणाला.

‘मी नाही सांगितलं.’

‘मी कुठे काय म्हणालो?’

भिंतीपलीकडे कोण होतं, ते मी अजून शोधतोय.

ताईने सही केली नाही. वाट पाहून कंटाळलेली गिऱ्हाइकं तिच्या कंपनीकडे वळली. तिची नोकरी टिकली. मी त्याच्या घरी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्याच्यासोबत राहणाऱ्या ताईनेच उचलला, आणि तिन्ही वेळा तो आंघोळीला गेला होता. शेवटचा फोन मी रविवारी दुपारी चारला केला होता.