वहिनींसाठी चार मोदक

रोह्याजवळ धाटावच्या आमच्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या जपानी साहेबांच्या बायकोला मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन गेलो, आणि ती बाई रोह्यात नव्हतीच. गेस्ट हाउसचा वॉचमन म्हणाला, “कोन वहिनी? साहेब एकलेच हायत इथं.”

दोष माझा एकट्याचा नाही. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी मी डब्यातून मोदक नेले, की हे पन्नाशीचे गृहस्थ दोन्ही हात पुढे करून, जरासे वाकून म्हणायचे, “फॉर वाइफ. फोर.” तुम्हीही मुकाट्याने बांधून दिले असतेत.

एका संकष्टीला त्यांना घरीच नेलं. तिथे खरं बाहेर आलं. त्यांच्या तरुणपणी तिकडे मिठाईची दुकानं म्हणजे पोरीबाळींची जागा. पुरुषाने कडू कॉफी प्यायची. गोड हवंच असेल, तर बायकोचं नाव सांगून बांधून घ्यायचं. आता तिकडची पोरं उघड खातात म्हणे, पण यांची जीभ ‘फॉर वाइफ’वरच अडकलेली. आणि वाइफला गोड आवडतच नाही!

“अहो, आमच्याकडे एकवीस मोदक खाणाऱ्याची गावभर वाहवा होते!” मी म्हटलं. साहेबांनी दार लोटलेल्या स्वयंपाकघरात अकरा खाल्ले. तूप मनगटापर्यंत.

“मिसेस मेक?”

“येस, मिसेस,” मी म्हणालो. बायकोने मोदकपात्राचं झाकण जरा जोरातच ठेवलं.

गणपतीत ते हाताखालच्या दोन जपानी पोरांना घेऊन आले. ताटली पुढे येताच त्यांनी ती सरकवली. “आय, नो स्वीट.”

मला वाटलं, संकोचतायत. मी दहा बोटं दाखवली, वर आणखी एक. “लाजता काय साहेब? लास्ट टाइम इलेव्हन!”

एका पोराने तोंडावर हात धरला.

“फॉर वाइफ,” साहेब पुटपुटले. मग आरती होईपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून तसेच बसून राहिले. उठताही येईना, खाताही येईना. समोर मोदकावरचं तूप थिजत होतं.

त्यानंतर दर संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी मी डबा त्यांच्या टेबलावर उघडायचो. “नो, थँक यू.” हात परत पुढे आले नाहीत.

परवा ते जपानला गेले. शेवटचा डबाही भरलेलाच घरी आला.

“कमाल आहे!” मी बायकोला म्हटलं. “गोड खातो हे सांगायला पुरुषमाणसाला एवढी कसली लाज?”

ती डबा रिकामा करत म्हणाली, “मला अजून धड पाच कळ्या पाडता येत नाहीत. हे मोदक कोण वळतं, ते सांगितलंत त्यांना कधी?”