काकांचे इंग्रजी उखाणे

यमक जुळलं की काका उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर आपटायचे आणि विचारायचे, "बसलं की नाही?" नाही म्हणायची कुणाची टाप होती!

नौपाड्यात आमच्या समोरच्याच दारात राहायचे. बँकेतून निवृत्त, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा इंग्लंडात. लग्नाचा मोसम आला की त्यांच्याकडे मुलींची रांग लागायची. हल्लीच्या नवऱ्यांना उखाणा इंग्रजीत हवा, पण आत्या-मावश्यांनाही कळायला हवा. काकांचा अगदी तस्सा असायचा. 'संडे मॉर्निंग नो पोहे फॉर नाश्ता, अमुकराव ओन्ली ईट्स माय पास्ता.' हॉलमध्ये हशा ठरलेला.

चारचौघांत हसवणारी माणसं घरी किती गप्प असतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. काकांच्या घरात कुकरची शिट्टी सोडली तर आवाज नाही. फक्त रविवारी नातीचा व्हिडिओ कॉल. ती उत्तर इंग्लंडातच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. काका आठवडाभर तिच्यासाठी यमकं जुळवायचे आणि ती खिदळायची. त्या हसण्यावर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा.

एका रविवारी मी वाटीभर आमटी द्यायला गेलेले. नात सांगत होती, आजोबा, नाश्ता-पास्ता जुळतच नाही, आम्ही पॅस्टा म्हणतो. काका हसले. फोन ठेवल्यावर मात्र म्हणाले, "एवढा एकच धागा होता हो वहिनी."

मग त्यांनी ध्यासच घेतला. नातीच्या शाळेतल्या नाटकाचे व्हिडिओ लावायचे आणि आरशासमोर तिच्यासारखं बोलायचं. आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं: बाथचं बॅथ, पाथचं पॅथ, ग्लासचं ग्लॅस. मी म्हटलं, या वयात कशाला जीभ वाकवताय? तर म्हणाले, "ती काही इकडे यायची नाही. मग मीच जातो की तिच्याकडे."

एकदा संध्याकाळी लगबगीने आले. नात हसली म्हणे, लगेच हसली. यमक आम्हालाही ऐकवलं. 'ग्रँडपा लाइट्स द गॅस, ड्रिंक्स हिज टी इन अ ग्लॅस.' आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. आमच्या घरात गॅस तो गॅस आणि ग्लास तो ग्लास. आमच्या ह्यांनी तर विचारलंच, ग्लॅस म्हणजे काय? काकांचा चेहरा उतरला. "इकडे नाही बसत ते," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. मला इतकं वाईट वाटलं, पण खोटं हसू तरी कसं आणायचं?

जीभ वळली ती वळलीच. उखाण्यातही पॅस्टा यायला लागला आणि मावश्या गप्प राहायला लागल्या. मुली मग मोबाइलवरच उखाणे शोधायला लागल्या. काका तेवढे रविवारपुरते उरले. त्यातही कॉल आखडत गेला. "परीक्षा असेल तिची," ते आपणहून सांगायचे, कुणी विचारलेलं नसतानाही.

गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. नात आली. चांगली उंच झालेली, चेहरा गोरामोरा. रात्री आमच्याकडेच जेवायला बसवली. वरणभात कालवता कालवता तिने मला विचारलं, की आजोबा शेवटी शेवटी असं वेगळंच का बोलायला लागले होते.

"शेवटी मी हसायची ना, काकू, ते त्यांना बरं वाटावं म्हणून," ती अडखळत म्हणाली. "आधीचं खरं होतं. ते जुळायचं नाही, म्हणूनच तर मला हसू यायचं. असं फक्त माझे आजोबा बोलायचे. मग ते आमच्या तिकडच्या सगळ्यांसारखेच बोलायला लागले."

मी तिच्या पानात आणखी भात वाढला. त्यांनी ते कुणासाठी केलं होतं, हे सांगायला माझी जीभ काही रेटली नाही.