बिंदूच्या पुढचे तीस

न्याय म्हणजे शेवटी अचूकता. मोजमाप काटेकोर असेल तर माणसांना भांडायला जागाच उरत नाही, या निष्कर्षाला मी पुष्कळ वाचून आणि विचार करून आलो होतो. त्यानंतर मी आमच्या विहिरीसाठी प्रोग्राम लिहिला.

विहीर चार घरांची सामाईक आहे. एक घर आमचं, एक अण्णाचं म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचं, एक धाकट्या काकांचं आणि एक अक्काचं. अक्का ही माझी विधवा चुलती. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. मोटार एकच. शेतीची लाईन, म्हणजे वीज, आली की आपापल्या पाळीनं पाणी घ्यायचं. भांडण पाळीवरून नव्हतंच. लाईन मध्येच जायची, आणि गेलेली वीस मिनिटं कुणाच्या पाळीतून कापायची यावरून आमच्या दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्या आहेत.

माझी कंपनी पुण्याची, पण मी काम गावातल्या माडीवर बसून करतो. टेबलावर दोन मॉनिटर, टकटक आवाज करणारा एक महाग कीबोर्ड आणि एक सोल्डरिंग आयर्न असतं. या तिन्हींपैकी घरच्यांना फक्त शेवटच्या वस्तूचा उपयोग पटलेला आहे, कारण तिनं रेडिओ दुरुस्त होतो. सुट्टीच्या दिवशी मला काहीतरी जोडायला लागतं. तेव्हा मी मोटारीच्या स्टार्टरला एक डबा जोडला. त्यात एक छोटा बोर्ड, एक सिमकार्ड आणि मोटार चालू-बंद करणारा एक रिले. ज्याच्या रानाचं क्षेत्र जितकं, तितकी त्याची मिनिटं. पाळी संपली की मोटार थांबते, पुढच्याच्या फोनवर मिस्ड कॉल जातो, तो आपला कॉक उघडतो. लाईन गेली तर डबा तोटा चौघांत वाटून टाकतो. आधी मी तो राज्याच्या सीमेपलीकडे, उदगीरला सासऱ्यांच्या शेतावर पंधरा दिवस चालवून पाहिला. तिथं एका मिनिटाचीही चूक निघाली नाही.

अण्णानं उद्घाटन ठेवलं. डब्याला हार घातला, नारळ फोडला, आणि तालुक्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी विहिरीच्या काठावर उभं राहून क्रांती या विषयावर भाषण केलं. ते बोलत होते तोवर लाईन आलेली होती, पण भाषण संपेपर्यंत मोटार सुरू करायची नाही असं ठरलेलं होतं. रिलेवर हळदकुंकू वाहिलं गेलं. कुंकवातून वीज वाहत नाही ना, याची मी मनातल्या मनात खात्री करून घेतली.

नवव्या दिवशी सकाळी अक्का माडी चढून आली. पायाला चिखल नव्हता, आणि तीच तिची तक्रार होती.

"काय करायलास?"

"मीटिंग हाय, अक्का."

"कुणासंगं?"

"ऑफिसातल्या लोकांसंगं."

"त्येंला पाणी पोचायलंय का?"

मी माइक बंद केला.

"माझ्या बावीस सऱ्या हायेत. तुझं डबडं बसल्यापासून पाणी अकराव्या सरीला थांबायलंय. फुडची अद्रक पिवळी पडायली. कामून?"

"अक्का, मशीनमधी मिनिटाचाबी फरक पडत न्हाई."

"व्हय. रोज अकराव्यालाच थांबतंय. फरक न्हाई पडत."

मी तिच्यासोबत रानात गेलो. अद्रक नुकतीच लावलेली होती. अकरा सऱ्यांत कोंब हिरवे, पुढे जमीन भेगाळलेली आणि कोंब पिवळे. वर्षभराचं तिचं तेवढंच पीक. पाइप कुठे गळतोय का, हे मी आधी पाहिलं. चूक दुसऱ्याच्या बाजूला शोधायची आमच्या धंद्यातली ही जुनी शिस्त आहे. पाइप ठीक होता. मग बांधावर बसून मी फोनवर प्रोग्राम उघडला.

"माझं रान किती लिव्हलास?" अक्कानं विचारलं.

"शून्य पॉइंट तीस. पहाणीच्या उताऱ्यावर हाय तसंच."

"मंग बराबर हाय. तीस गुंठे. पाऊण एकर."

पाऊण एकर. मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथं शून्य पॉइंट तीस होतं, आणि संगणकाच्या लेखी ते एका एकराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी होतं.

चाळीस गुंठ्यांचा एकर होतो हे मला तिसरीपासून ठाऊक आहे. पण उदगीरला सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. शंभर आरांचा हेक्टर, त्यामुळे तिथला बिंदू शाळेतल्या दशांशाचा. सीमेच्या अलीकडे आमच्या पहाणीवर, म्हणजे इथल्या सातबाऱ्यावर, दिसायला तोच बिंदू असतो, पण त्याच्या डाव्या बाजूला एकर आणि उजव्या बाजूला गुंठे. बिंदू दोन्हीकडे सारखाच गोल असतो. सासुरवाडीत बरोबर ठरलेला प्रोग्राम मी माहेरच्या रानात तसाच बसवला होता.

मग मी इतरांचे आकडे पाहिले आणि ऊन जास्त लागायला लागलं. अण्णाचं दोन पॉइंट वीस, काकांचं एक पॉइंट तीस, अक्काचं शून्य पॉइंट तीस. तिघांचेही गुंठे कमी मोजले गेले होते. ज्याच्या बिंदूपुढे काहीच नाही, त्याला यातलं बहुतेक पाणी मिळत होतं. आमचं रान दोन पॉइंट शून्य शून्य आहे. अक्काची रोजची तेवीस मिनिटं गेली होती आणि आमची पंचवीस वाढली होती; रान मोठं म्हणून अण्णाचीही नऊ.

संध्याकाळी चौघांना बोलावून मी हे सांगितलं. अण्णा हसला. "इंजिनियरसाहेब, पुण्याला हेच शिकवतेत का? चुलतीचं पाणी बापाच्या रानात?"

गावात माझ्याबद्दल आता दोनच मतं शक्य होती, मी मूर्ख किंवा मी चोर. मी पहिल्या मताच्या बाजूनं पुरावे देऊ लागलो. सासऱ्यांचा सातबाराही काढून दाखवला. काकांची अकरा मिनिटं गेली होती, पण त्यांच्याकडे ऊस आहे आणि ऊस अकरा मिनिटांसाठी तक्रार करत नाही.

"आप्पा, तुम्हाला पाणी जास्ती येतंय हे कळलं न्हाई?" मी वडिलांना विचारलं.

"पयल्याच दिशी कळलं."

"मंग बोलला कामून न्हाई?"

"मला वाटलं, कम्प्युटरला आपलं रान आवडलं."

सगळे हसले, अक्का तेवढी हसली नाही. "कुणाचं काय मला ठावं न्हाई. बाविसाव्या सरीला पाणी कधी पोचतंय ते सांग."

"उद्या."

दुरुस्ती एका ओळीची होती: बिंदूपुढचा आकडा चाळीसनं भागायचा. पुढचे नऊ दिवस आप्पांनी आमची पंचवीस मिनिटं अक्काच्या सऱ्यांत सोडली. शेवटच्या तीन सऱ्या गेल्याच. बाकीच्या हिरव्या झाल्या. डबा अजून चालू आहे, लाईन गेली तरी आता कुणी अबोला धरत नाही, आणि याचं श्रेय मी घेतो.

दुरुस्तीनंतरचं नवं वेळापत्रक मात्र मी अक्काला वाचून दाखवलं, तेव्हा जरा ऐटीतच होतो. अण्णा दीडशे मिनिटं, काका एकशेपाच, आम्ही एकशेवीस, ती पंचेचाळीस.

"पाऊण तास," ती म्हणाली. "पयल्यापासून तेवढंच हाय की. एकराला तास."

"हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू कुठं इचारलास?"

चारही घरांचं रान मिळून सात एकर आहे. शेतीची लाईन सात तास असते.