विहिरीपासून तिसरं शेत

आपल्यात तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बायका जात नाहीत. एवढं सांगितलं की माझं पुढचं सगळं तुम्हाला कळेल. माझी पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. मी बाजेवर होते. यांची तेव्हा ग्वाल्हेरबाहेर एका खेड्यातल्या शाळेत नोकरी होती. हे आणि माझे धाकटे दीर तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. कुठे ठेवलीत, असं मी जन्मभर विचारलं. "जाऊ दे ना आता," एवढंच हे म्हणायचे. मग हेही गेले.

राहिले भावजी. त्यांना आठवत होतं ते इतकंच, की नाल्याकाठी बाभळी होत्या आणि अलीकडे एक विहीर. आता नाला आणि बाभळी कुठल्या गावात नसतात, सांगा! म्हणून त्यांनीच तहसिलीत खेपा घालून त्या गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळवली. ग्वाल्हेरला, दौलतगंजातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर ती पसरली, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. शेतं म्हणजे नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. भावजी भिंग फिरवत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाकले होते.

"वहिनी, उजेड सोडा जरा."

"तुम्ही डोकं बाजूला घ्या आधी."

आणि सापडलं. विहिरीचा गोल, तिथून नाल्याकडे तिसरं शेत, आणि त्यात बारीक अक्षरात, 'बच्चों का मरघट', म्हणजे लहान मुलांचं मसण. अहो, घरातलं कुणी मला सांगत नव्हतं आणि सरकारने लिहून ठेवलं होतं!

जायच्या दिवशी मी सकाळीच घुगऱ्या केल्या, बारशाला करतात तशा. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं ना. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण आत्या आता कुठून आणू? मीच जमिनीशी वाकून सांगणार होते. भावजींना हे बोलले नव्हते. बोलले असते तर घरातच रडत बसले असते ते.

विहीर मिळाली. काठाच्या दगडांवर दोराच्या खाचा अजून होत्या. भावजींनी नकाशा उघडला तशी म्हशी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली.

"काए, खेत खरीदबे आए हो?" ती हसत म्हणाली.

मी म्हटलं, "नहीं बहन, बच्चों का मरघट ढूँढ रहे हैं।"

तिचं हसू गेलं. "अम्मा, वो तो खदान में चलो गओ।"

तरी आम्ही गेलो. पहिलं शेत, दुसरं शेत, आणि तिसरं नव्हतंच. दगडासाठी खणत खणत सगळं कापून नेलेलं. वर कुणी घर बांधलं असतं, गहू पेरला असता, तरी खाली ती आहे असं म्हणता आलं असतं. इथे जमीनच नव्हती. जिथे तिला ठेवलं असेल तिथे नुसती हवा, आणि खूप खाली हिरवं पाणी.

"नकाशाच चुकला असेल, वहिनी. पुन्हा मोजू." भावजी परत विहिरीपर्यंत गेले, परत आले. नकाशा चुकला नव्हता. चुकला असता तर बरं झालं असतं हो.

मी काठावर बसले. नाव ओठावर आलं होतं. पण ते कानाशी हळू सांगायचं असतं. इथून हाक मारावी लागली असती, आणि ती तरी कुठल्या दिशेला मारू?

परतताना विहिरीपाशी घुगऱ्यांचा डबा मी त्या म्हातारीला दिला. "काए के हैं जे?" तिने निमित्त विचारलं.

"ऐसे ही," मी म्हटलं.

हल्ली भावजींचा फोन येतो. नकाशात म्हणे नाल्याच्या पलीकडेही एक जागा दिसतेय, एकदा बघून येऊ या का?

"जाऊ द्या ना आता, भावजी," मी म्हणते.