सात ठिकाणी बसायची फेरी

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते आधीच कबूल करून टाकते. पण हे लिहायला बसलेय ते माझ्या थोरल्या बहिणीबद्दल. ताई जुन्या शहरात लोकांना फिरवायची. 'फिरवायची' असं लिहावं लागतंय, त्याचाच तर संताप आहे.

संध्याकाळी पाचला वेशीपाशी माणसं जमवायची आणि दिवे लागेपर्यंत जकातघर, दगडी हौद, घड्याळाचा मनोरा असं करत नदीवरच्या पुलापर्यंत न्यायची. छातीवर शहराच्या कचेरीने दिलेला बिल्ला, हातात छत्री. पहिली पंधरा वर्षं ती सगळ्यांसारखीच धावती फेरी काढायची. दीड तासात अकरा ठिकाणं. मागे राहील त्याचं नशीब.

मग एकदा तिच्या घोळक्यात एक म्हातारे शिंपीकाका आले. जन्म याच शहरात गेला, पण दुकानातून मान वर काढून शहर बघितलं नाही म्हणून आले होते. जकातघरापाशी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. "तुम्ही व्हा पुढे, मी टेकतो इथेच," म्हणाले आणि पायरीवर बसले. ताई फेरी संपवून परत आली तर काका तिथेच. म्हणाले, "बाई, हा उंबरा डावीकडेच झिजलाय. उजवीकडे अजून कड आहे बघा. म्हणजे दाराची एकच फळी उघडत असणार. माल घेऊन आलेल्याला एकेकटंच आत घ्यायचं, दोघांना बरोबर नाही."

ताई घरी आली ती पर्स न ठेवताच खुर्चीत बसली. "पंधरा वर्षं मी त्या दाराबद्दल बडबडतेय," ती म्हणाली, "आणि बघितलं त्या माणसाने. कारण तो बसला."

तिथून तिची सावकाश फेरी सुरू झाली. ठिकाणं फक्त सात, आणि प्रत्येक ठिकाणी बसायचं. पायरी, कट्टा, हौदाचा काठ, पुलाचा बुटका कठडा. "टेका जरा," असं म्हणून ती दहा मिनिटं कुणाशी बोलायचीच नाही, नुसतं बघू द्यायची. गुडघेवाले, काठीवाले, धाप लागणारे, घरातून कुणी बाहेर न नेणारे असे सगळे यायला लागले. तिचं नाव पडलं टेकाताई. बाकीचे गाईड हसायचे. हसोत बापडे. शिंपीकाका दर आठवड्याला हजर असायचे, इस्त्रीचा सदरा घालून.

मी त्याच शहर कचेरीत टंकलेखिका आहे. गेल्या वर्षी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या बहिणीच्या फेरीत लोक नेमके कुठे कुठे बसतात, त्याची माहिती मिळेल का? त्या जागांवर सुधारणा करायची आहे."

मी हरखले. वाटलं, पाठ टेकायला काहीतरी येईल, दिवे येतील, निदान साफसफाई तरी होईल. ताईलाही पटलं. दोन रविवार आम्ही शिंपीकाकांची टेप घेऊन हिंडलो. काका एक टोक धरायचे, ताई दुसरं, मी लिहायची. जकातघराची पायरी: उंची दीड फूट, सहा माणसं बसतात, पाचनंतर सावली. हौदाचा काठ: नऊ माणसं, उत्तरेकडचा दगड हलतो. अशी सातही ठिकाणं. मी ती यादी रकाने आखून टाईप केली, मथळ्यांखाली रेघ मारली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. केवढी ऐट होती मला त्या कागदाची!

दोन महिन्यांनी त्या सातही जागांवर लोखंडी खुंट्या बसल्या. बोटभर उंच, वीत वीत अंतरावर, दगडात भोकं पाडून पक्क्या केलेल्या. कावळा बसेल, माणूस नाही. मी जेवणाच्या सुट्टीत पळत पळत हौदापाशी गेले. कंत्राटदाराचा माणूस काम उरकत होता. त्याच्या हातात माझी यादी होती. माझेच रकाने, माझीच रेघ, आणि एकेका ओळीपुढे तो बरोबरची खूण करत होता. उत्तरेकडचा हलणारा दगड मात्र तसाच हलत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच केबिनमध्ये शिरले. "साहेब, ती यादी सुधारणेसाठी होती ना?"

"हीच सुधारणा," साहेब म्हणाले. "वारसास्थळांच्या परिसरात लोकांचं विनाकारण रेंगाळणं थांबवायचंय. तुमच्या यादीचा फार उपयोग झाला."

मी "बरं" म्हणून बाहेर आले. घरी येऊन एक कप फोडला.

ताईने फेरी बंद केली नाही. त्या आठवड्यात नऊ जण आले. वेशीपाशी उभ्याने ऐकलं, जकातघरापाशी उभ्याने ऐकलं. हौदापर्यंत पोचेतो शिंपीकाकांचे पाय लटपटायला लागले. सवयीने त्यांनी काठावर हात टेकला, खुंटी तळव्यात रुतली, हात झटकला आणि ते सरळ रस्त्यावर खाली बसले. इस्त्रीच्या सदऱ्यासकट. ताईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, छत्री मिटली आणि शेजारी बसली. मग एकेक करत सगळेच बसले. काहींना दोघादोघांनी धरून बसवलं. ताई हौदाची गोष्ट सांगायला लागली. मागे बस थांबली, तिच्यामागे टेंपो, रिक्षा, हॉर्नचा नुसता कालवा. ताईचा आवाज त्याच्यावरून जात होता. हे मला काकांनी सांगितलं. मी ऑफिसात होते.

कुणीतरी फोन केला आणि खुद्द साहेब गाडीतून आले. "रस्त्यात बसता येणार नाही, बाई."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "मग कुठे बसायचं?"

"फेरी म्हणजे चालायचं असतं."

"तुम्ही गाडीतून आलात," काका खालून म्हणाले. सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मजकूर सांगितला. वाहतुकीस अडथळा केल्याबद्दल सदर मार्गदर्शिकेचा बिल्ला रद्द, आठ दिवसांत जमा करावा. वर म्हणाले, "तुमच्या बहिणीचंच आहे, म्हणून तुमच्याकडे देतोय. उगाच बाहेर चर्चा नको." म्हणजे उपकारच! निर्लज्जपणाला काही सीमा? मला तो पेपरवेट उचलून त्यांच्या टकलावर हाणावासा वाटला. मी पत्र टाईप केलं. तीन प्रती काढल्या.

काल संध्याकाळी घरी आले तर ताई स्वयंपाकघरात होती आणि पत्र ओट्यावर. मी चपला काढायच्या आधीच सुरू झाले. मेल्याचं वाटोळं होईल, म्हातारपणी त्याला कुणी खुर्ची देणार नाही, हे कचेरीवाले सगळे एका माळेचे मणी, काय नि काय. ताई कणीक मळत होती.

"पत्र टाईप कुणी केलं?" तिने विचारलं.

"मी."

"त्याला काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? नोकरी आहे माझी."

ताई घरात कधी आवाज चढवत नाही. संध्याकाळी बोलायचं असतं म्हणून वीस वर्षं घसा जपलेली बाई ती. काल ती इतक्या मोठ्यांदा ओरडली की शेजारचा रेडिओ बंद झाला.

"मग इथे कशाला ओरडतेस? मी बसवल्या का खुंट्या? कप फोडतेस, दारं आपटतेस, आख्ख्या इमारतीला तुझा राग माहीत आहे. त्या एका माणसाला माहीत आहे का? त्याच्यासमोर 'बरं' म्हणतेस आणि माझ्यासमोर थयथयाट! काकांचा दोनदा निरोप आला, फेरी कधी म्हणून. मी काय सांगू त्यांना? सांग ना. तू तर फार चिडलेली आहेस, तूच सांग."

तिचे हात कणकेने भरलेले होते आणि ती रडत होती. डोळेसुद्धा पुसता येईनात. मी पुसायला पुढे झाले तर तिने मान फिरवली.

रात्री जेवणं झालीच नाहीत. पडल्या पडल्या मी सगळी वाक्यं जुळवली. साहेब, तुम्ही माझी यादी चोरलीत. साहेब, ते पत्र मागे घ्या. साहेब, त्या नऊ जणांनी बसायचं कुठे? तोंडपाठ केली.

आज सकाळी साडेदहाला साहेब आले. सगळ्यांबरोबर मीही उठून उभी राहिले आणि नमस्कार केला.