दोरी ओढेल त्याला टॉवेल-टोपी

भारत आणि जपान या दोन देशांची खरी ओळख कुणी करून दिली असं मला विचारलं, तर मी कुठल्याही मंत्र्याचं किंवा राजदूताचं नाव घेणार नाही. मी आमच्या मामांचं नाव घेईन. मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते लाईन सुपरवायझर होते. ट्रॅक्टरला लागणारे तेलाचे पंप जिथे जोडले जातात ती लाईन त्यांच्या ताब्यात होती. कारखाना पूर्वी सोलापुरातल्याच एका मालकाचा होता. तो एका जपानी कंपनीने विकत घेतला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी तिथे शिकाऊ इंजिनियर म्हणून लागलो. आमच्या घरात डिग्री घेतलेला मी पहिलाच. वडील बार्शीच्या आडत बाजारात पोती उचलायचे. नोकरीवर निघालो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की मोठ्या माणसापुढे तोंड उघडायचं नाही. पुढे ही एकच गोष्ट मला फार जड गेली, आणि त्याला कारणही मामाच.

मामांच्या मते कारखान्यात परका कुणीच नसतो, फक्त काहींचं नातं लावायचं राहिलेलं असतं. मी रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गाव विचारलं, जेवला का विचारलं आणि भाचा करून टाकलं. राहायची सोय होईपर्यंत दोन महिने मी त्यांच्याच घरी जेवलो आणि झोपलो. मामी मला वाढताना कधी विचारायच्या नाहीत, थेट भाकरी टाकायच्या. मामांचं मूळ घर सांगोल्याकडचं, घरी मेंढरं. त्यामुळे हजेरीचं पुस्तक त्यांना कधी लागलं नाही. पाळी सुरू होताना ते फाटकाजवळ उभे राहायचे, आत शिरणाऱ्या घोळक्यावरून एकदा नजर फिरवायचे आणि सांगायचे, की पॅकिंगमधला एक कमी हाय. एकदा पुस्तकात सगळे हजर आणि मामांच्या हिशेबी एक कमी, असं झालं. शोधलं तर एकजण सही करून सायकलींच्या शेडमध्ये झोपलेला सापडला.

जपानहून आलेल्या साहेबांना मात्र त्यांनी भाचा, पुतण्या असलं काही केलं नाही. त्यांना त्यांनी जावई केलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बाहेरनं आलाय, कमी बोलतोय, कमी खातोय, आन् त्यो आला की सगळ्यांनी शाण्यावानी वागायचं. ह्याला जावई न्हाय तर काय म्हणत्यात?" साहेब भेटले की कमरेत वाकायचे, म्हणून मामाही वाकायचे. साहेबांच्या देशात मान देणारा आधी सरळ होत नाही आणि मामांच्या घरी जावयाच्या आधी सासरा सरळ होत नाही, त्यामुळे दोघे एकमेकांसमोर इतका वेळ वाकलेले असत की मध्ये आणलेल्या चहावर साय धरायची. शेवटी मी मोठ्याने खोकायचो. माझ्या शिकाऊपणाच्या काळातलं ते एक नेमून दिलेलं काम होतं.

जपानी पद्धतीतलं जे मामांना आवडलं ते त्यांनी जिवापाड सांभाळलं. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा हवी आणि ती जागा जमिनीवर पिवळ्या पट्टीने आखलेली हवी, हे त्यांना इतकं पटलं की उरलेल्या पट्ट्या घरी गेल्या. दारात चपलांचे चौकोन, न्हाणीत बादलीचा गोल, अंगणात शेळीचा लांबट चौकोन. शेळी चौकोनाबाहेर बसली की मामा तिला आत ढकलायचे. ही आखणी चुलीपाशी पोहोचली तेव्हा मामी शांतपणे म्हणाल्या, "मला बी एक चौकोन आखा की. म्हंजे मी कुटं बसायचं ते कळंल." त्यानंतर स्वयंपाकघर तेवढं सुटलं. सकाळचा जपानी व्यायामही मामांनी घेतला, पण तो त्यांना अळणी वाटला. मग त्यांनी त्यात गणपतीतल्या लेझमाचे ठेके घातले. रिकाम्या हातांनी लेझीम खेळणारी शंभर माणसं आणि त्यांच्यात अगदी गंभीर चेहऱ्याने पाय टाकणारे जपानी साहेब, हे दृश्य पाहायला शेजारच्या कारखान्यातली माणसं कंपाउंडपाशी जमायची.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे रुजेना. लाईनच्या वर, डोक्याला लागेल इतक्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी दोरी होती. कुणालाही कामात चूक दिसली, स्वतःची किंवा दुसऱ्याची, तर त्याने ती ओढायची. लाल दिवा लागायचा, गाणं वाजायचं आणि सगळी लाईन थांबायची. मग सगळ्यांनी मिळून चूक दुरुस्त करायची. साहेबांच्या देशात म्हणे ही दोरी दिवसातून कितीदा तरी ओढली जाते. आमच्याकडे पहिल्या तीन महिन्यांत ती एकदाही ओढली गेली नाही. दोरीवर चिमण्या बसायला लागल्या.

साहेबांनी मामांना बोलावून विचारलं. दुभाषा मीच. माझं इंग्रजी बेताचं, साहेबांचंही बेताचं, त्यामुळे आमचं एकमेकांशी छान जमायचं. दोरी किती वेळा ओढली, असं साहेबांनी विचारताच मामांनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, "एकदा बी न्हाय." शाबासकी मिळेल अशी त्यांची खात्री होती. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी जे सांगितलं ते मी मामांना मराठीत सांगितलं: जिथे दोरी ओढली जात नाही, तिथे एकतर देव काम करतात, नाहीतर घाबरलेली माणसं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समजावलं, की आपल्याकडे चारचौघांत काम थांबवणं म्हणजे कुणाची तरी लाज काढणं. लग्नात भात कच्चा राहिला तरी आपण आचाऱ्याला पंगतीत बोलत नाही, मुकाट्याने गिळतो. माणसं भ्याली नाहीत, ती एकमेकांची अब्रू झाकतात. "मंग असं करायचं," ते म्हणाले, "लाजंचं काम हाय ते मानाचं करायचं." आणि आपल्याकडे मान म्हणजे काय, हे सोलापुरात वेगळं सांगावं लागत नाही. मामांचे एक मेहुणे शहरात टॉवेलच्या मागावर होते. दुसऱ्या दिवशी मामांच्या कपाटात टॉवेल, पांढऱ्या टोप्या आणि नारळ येऊन पडले. दोरी ओढेल त्याचा जागच्या जागी सत्कार.

पहिल्यांदा दोरी ओढली ती पंपात रबरी सील बसवणाऱ्या अक्कांनी. त्या शहरातल्या तेलुगू विणकर घरातल्या, कामाला चोख, बोलायला तिखट. एक सील त्यांच्या हातून फाटलं आणि त्यांनी डोळे मिटून दोरी ओढली. लाईन थांबली, गाणं वाजलं आणि अक्का रडायला लागल्या. मामा टॉवेल-टोपी घेऊन धावत आले, आणि बाईमाणसाला टोपी कशी घालायची हा प्रश्न त्यांना तिथे पोहोचल्यावर पडला. त्यांनी टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, टॉवेल अक्कांच्या हातात दिला, नारळ साहेबांच्या हातात दिला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. अक्का रडता रडता हसल्या. त्यानंतर जी दोरी ओढली जाऊ लागली तिला सुमार राहिला नाही. एकाने पंखा हळू फिरतो म्हणून ओढली. एकाने चहात साखर कमी म्हणून ओढली, त्याला मामांनी फक्त साखर दिली. पण खऱ्या चुकाही सापडू लागल्या, आणि पुढे आमच्या कारखान्यात साहेब स्वतः सत्काराचा नारळ दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून द्यायला लागले.

आता जे सांगतो ते सांगायला मला अजून अवघड जातं. जपानहून मोठे पाहुणे येणार होते. नेमक्या त्या दिवशी अक्का नणंदेच्या लग्नाला गेल्या होत्या. पाहुण्यांना जागा रिकामी दिसू नये म्हणून मामा स्वतः त्यांच्या जागेवर बसले आणि सील बसवू लागले. या सीलला एका बाजूला बारीक ओठ असतो. तो आतल्या बाजूला गेला पाहिजे. उलटं बसलं तर पंप दिसायला चांगला दिसतो, पण कुणाचा तरी ट्रॅक्टर ऐन पेरणीत तेल गाळत शेतात उभा राहतो. मी मामांच्या मागून जात होतो. सहज पाहिलं तर सील उलटं होतं. पुढचंही उलटं. मामांच्या चष्म्याचा नंबर वाढला असावा असं मला काही दिवसांपासून वाटत होतं, कारण ते माणसं चालीवरून ओळखू लागले होते. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि लाईनवरच्या माणसाची नजर गेली हे एकदा कळलं की त्याला लाईनवर कोण ठेवणार?

पाहुणे वीस पावलांवर होते. मामांच्या कानात सांगावं, तर झाले तेवढे पंप पुढे निघून गेले होते, ते थांबवायला दोरीशिवाय उपाय नव्हता. मला वडील आठवले. ज्या माणसाच्या घरी मी दोन महिने जेवलो, त्याची चूक त्याच्या जावयासमोर आणि जावयाच्या घरच्या वडीलधाऱ्यांसमोर मी उघडी करणार होतो. पण पेरणीत उभा राहिलेला ट्रॅक्टरही मला दिसत होता, आणि त्यावर बसलेला माणूस आमच्याच चुलत्यासारखा दिसत होता. मी दोरी ओढली.

गाणं वाजून संपलं तरी कुणी हललं नाही. मी सील काढून मामांच्या हातात दिलं. मामांनी ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग ते उठले. मला वाटलं, आता बाहेर निघून जातील. ते कपाटापाशी गेले. परत आले तेव्हा हातात टॉवेल आणि टोपी होती. टोपी माझ्या डोक्यावर त्यांनी वाकडी बसवली, मग नीट केली.

"माजी चूक धरली ह्यानं," ते सगळ्यांना म्हणाले. "भाचा हाय माजा. टाळ्या वाजवा की."

टाळ्या पडल्या. साहेबांनी पाहुण्यांना हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं आणि ते सगळेच्या सगळे मामांसमोर कमरेत वाकले. मामाही वाकले. त्या दिवशी कुणीच लवकर सरळ होईना, आणि मला खोकायचं सुचलं नाही.

पुढचं सगळं चांगलंच झालं. साहेबांनी मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्वतः नेलं, मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. उरलेलं वर्ष मामांना नवीन माणसांना शिकवायचं काम मिळालं. दोरी कधी ओढायची आणि ओढणाऱ्याकडे कसं पाहायचं, यावर ते अर्धा अर्धा तास बोलत आणि माणसं वह्यांत उतरवून घेत. मी कायम झालो, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. साहेब त्यांच्या देशी परत गेले. ते तिकडे मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांना जेवलात का म्हणून विचारतात, असं कळलं.

मामा आता सांगोल्याकडे घरी असतात. परवा रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. इथल्या अंगणातही त्यांनी चौकोन आखले होते, ते आता पुसट झालेत, शेळी कुठेही बसते. पडवीत मात्र एक नवी गोष्ट होती. आढ्याला पिवळी दोरी आणि तिच्या टोकाला मेंढराच्या गळ्यातली घंटा. मामांचं काही चुकलं की मामी ती ओढतात. "तीस वरसं संसार केला, पर माजं काय चुकतंय ते कळलंच न्हवतं," मामा म्हणाले. "आता रोज कळतंय." मामी चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

पडवीत शेजारचे चार जण बसले होते आणि मामा त्यांना तो दिवस सांगू लागले. पाहुणे पाच होते ते पंचवीस झाले. मी दोरी इतक्या जोरात ओढली की ती तुटून हातात आली. मोठे साहेब रडले. आणि मग माझ्याकडे न बघता मामा म्हणाले, "मी ते शील मुद्दाम उलटं बसवलं हुतं. म्हटलं बगू तरी, भाच्यात दम हाय का न्हाय."

शेजारी कौतुकाने माझ्याकडे बघू लागले. घंटा माझ्या डोक्यापासून वीतभर उंच होती. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्याही माझ्याकडेच बघत होत्या. माझा हात वर गेला. तो मी केसांवरून फिरवला आणि म्हणालो, "व्हय की. लई घाम फोडला हुता मला मामांनी."

मामा हसले, अगदी मनापासून. मामी आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कोरा, घडी न मोडलेला टॉवेल होता. तो त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"हात धू," त्या म्हणाल्या. "जेवायचं हाय."