कोरडी नाव

त्या दिवशी धरणाच्या काठावर चौघंच होतो, मी, माहे मालक म्हंजे नवरा, सासरे अन् माही सहा महिन्याची लेक. डांबराचा वास आला का मले तोच दिवस आठवते. मासे धरायची जुनी लाकडी नाव आमी पल्याडच्या गावची माणसं बाजारले न्यायले दुरुस्त केली होती. बसाले आडव्या फळ्या ठोकल्या, फटीत कापूस कोंबून वर डांबर म्याच भरलं. ज्यानं फटी भरल्या त्यानंच पयले बसावं, असा आमचा रिवाज. सासरे म्हणाले, "तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगू द्या, म्हंजे फटी मिटतीन." मालक म्हणे, "बाबा, उद्या बाजार हाय, लोकं काय आपल्या लाकडासाठी थांबतीन?" सासरे मले म्हणाले, "मंग लेकीले तरी माह्याजवळ दे." म्या म्हटलं, "फटी म्याच भरल्या, कायले भेता?" अन् तिले पाठीशी बांधून मालकासंग नावेत बसली. धरणाच्या मधात गेलो तं तळपाय थंडगार झाले. सगळ्या फटीतून पाणी येऊन राह्यलं होतं. मालकानं नाव वळवली. मी गंजानं, म्हंजे पातेल्यानं, पाणी उपसू लागली, तरी ते मांडीपर्यंत चढलं. काठावरून सासरे वरडले, "उपसत राह्य माय, थांबू नको." काठाजवळ कंबरभर पाण्यात नाव तळाले टेकली. सासऱ्यानं पाण्यात येऊन पयले लेकीले घेतलं, मंग मालकाले म्हणाले, "बुडवली ना? आता राहू दे तीन दिवस." चवथ्या दिवशी नाव उपसली तं आत थेंब आला नाही. ते लेक आता आजी झाली, तिचा जावई जुनी नाव नीट करून राह्यला. वाचणाऱ्यांनो, माहं एवढं आयका, कोरड्या नावेत लेकरू घेऊन बसू नका.